सासूबाईंची रीतसर तक्रार

नगरपालिकेच्या इमारतीत तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला लघुबाई म्हणत. बाई दारात उभी राहिली की चौकट भरून जायची आणि हसली की शेजारच्या खोलीतला माणूस दचकायचा. त्यामुळे हे नाव ऐकून नवखा माणूस आधी तिच्याकडे बघायचा आणि मग नाव सांगणाऱ्याकडे, आपली चेष्टा तर चालली नाही ना म्हणून. पण नाव अंगापिंडावरून पडलेलं नव्हतं, कामावरून पडलं होतं. लघुबाई लघुलेखिका होती. सभेत कुणी बोलायला उठलं की त्याचं वाक्य संपायच्या आत ते खुणांच्या लिपीत कागदावर उतरवायचं, ही तिची नोकरी.

आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शब्द तिच्या कानातून शिरत आणि डोक्याला वळसा घालून थेट मनगटात उतरत. सभागृहात अंदाजपत्रकावरून हमरीतुमरी चाललेली असायची, हिच्या मनात घरच्या गळक्या नळाचा विचार चालू असायचा, आणि हात मात्र स्वल्पविरामही न चुकवता धावत असायचा. “मी असं बोललोच नव्हतो,” असं म्हणणाऱ्या सदस्यांनी तिच्यापुढे नांगी टाकल्याचे प्रसंग जुने लोक चवीनं सांगत.

मग सभा रेकॉर्ड व्हायला लागल्या. कॅमेरा आला, आणि लघुबाईची खुर्ची सभागृहातून उचलून वेबसाइटच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली गेली. सभेच्या दिवशी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं, आणि एरवी कागद यंत्रात घालून त्याचा फोटो काढायचा आणि तो वेबसाइटवर चढवायचा, एवढंच काम राहिलं. ती हे मन लावून करत होती असं म्हणणं खोटं ठरेल. पान वाकडं आलं तर वाकडं. “वाचणारा करील मान वाकडी,” असं म्हणून ती पुढचं पान घालायची.

त्या खोलीत आणखी एकच माणूस बसायचा. त्याला सगळे आजोबा म्हणत. इमारतीतला पहिला संगणक त्यानं बसवला होता आणि त्यानंतरचे सगळे संगणक त्याच्या डोळ्यांदेखत बिघडले होते, त्यामुळे तो कशानंच हुरळत नसे. निवृत्तीला थोडाच काळ उरलेला, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी, आणि बोलणं कमी पण टोचणारं.

घरी तीन माणसं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या मोटारींच्या घरघराटात राहून त्याला शांततेची इतकी ओढ लागली होती की घरी तो मोजकंच बोले. आणि तिसऱ्या सासूबाई. सासूबाई नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या शिट्टीला घाबरत पाण्यात पडली आणि तरंगायला शिकली. निवृत्त झाल्या तरी ताठ कणा, रुंद खांदे आणि खणखणीत आवाज जागच्या जागी होता. गेले ते कान.

ते कसे गेले हे कुणाला कळलं नाही, कारण सासूबाईंनी कळू दिलं नाही. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग त्या “काय?” विचारेनाशा झाल्या. समोरच्याच्या ओठांकडे बघायच्या आणि सगळे हसले की त्याही हसायच्या, किंचित उशिरा. डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र दिलं होतं. ते घातल्यावर ताटल्यांचा आवाज बंदुकीसारखा येतो आणि माणसांचा आवाज मात्र येतच नाही, अशी त्यांची तक्रार. यंत्र कपाटात गेलं आणि विषयही कपाटात गेला.

नगरपालिकेच्या सभांचं मात्र त्यांना वेड होतं. तलाव हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, आणि तलावाचं काहीही ठरायचं ते सभेतच. पूर्वी त्या प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसायच्या. आता घरी टॅबलेटवर व्हिडिओ लावायच्या आणि खाली येणारी अक्षरं वाचायच्या. ही अक्षरं संगणक आपल्या मनानं टाकत असे. आवाज ऐकायचा आणि वाटेल ते लिहायचं, असा त्याचा खाक्या.

“आज द्राक्षांनी कहर केला,” सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या.

“कुणी?” लघुबाईनं विचारलं.

“माननीय द्राक्षांनी. विरोधी पक्ष्यांना बोलूच दिलं नाही. मग गिटारांच्या सफाईवर चर्चा झाली, आणि ठराव आजी मतदानानं मजूर झाला. अगं, आज्यांना वेगळं मतदान कधीपासून आहे? मला कुणी बोलावलं नाही ते?”

लघुबाईच्या हातातला चमचा खाली पडला. अध्यक्षांची द्राक्षं झाली होती, गटारांची गिटारं, आणि आवाजी मतदानातला ‘वा’ गळून बिचाऱ्या आज्या कामाला लागल्या होत्या. ती हसून हसून लाल झाली. नवरासुद्धा, जो सहसा मिशीतच हसायचा, तो पोट धरून हसला. सासूबाईही हसल्या. त्यानंतर हा रोजचा कार्यक्रम झाला. आज पक्ष्यांनी काय केलं, द्राक्षं काय म्हणाली.

ऑफिसात त्याच सुमारास एक परिपत्रक येऊन थडकलं. सरकारनं नवा नियम केला होता: सार्वजनिक संस्थांच्या वेबसाइट, त्यांवरचे कागद आणि व्हिडिओ सगळ्यांना वापरता आले पाहिजेत. ज्याला दिसत नाही त्यालाही, ज्याला ऐकू येत नाही त्यालाही, ज्याचे हात थरथरतात त्यालाही. शिवाय प्रत्येक वेबसाइटवर एक निवेदन हवं. आमच्याकडे काय नीट आहे, काय अजून नीट नाही, आणि अडचण आली तर कुठे कळवायचं. कुणी कळवलं तर ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं.

नगरपालिकेचे सचिव मनानं चांगले, पण परिपत्रक दिसलं की त्यांची पाचावर धारण बसायची. त्यांनी दोघांना बोलावलं.

“लघुबाई, वाचलंत का हे?”

“वाचलं साहेब. जे नीट नाही ते लिहा, असं म्हणतायत.”

“म्हणजे आमचं नीट नाही, असं आपणच सरकारला लिहून द्यायचं? भलतंच! लिहा, ‘आमची वेबसाइट सर्व नागरिकांना सर्व प्रकारे सुलभ आहे.’”

आजोबांनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली. “साहेब, ‘सर्व प्रकारे’ तेवढं काढा. उद्या अंगाशी येईल.”

“राहू दे. शोभतं ते.”

लघुबाईनं ते वाक्य टाइप केलं, त्याखाली ‘अडचण कळवा’ असं बटण टाकलं आणि चहा प्यायला गेली. एका वाक्यात सगळं गाव सुलभ झालं.

पुढे जे झालं त्याला कारण एक ‘नाही’. मराठी बोलण्यात माणूस सगळं वाक्य बोलून घेतो आणि नकार अगदी शेपटीला ठेवतो. तलावाच्या फरशीचं काम निघालं होतं. सभेत आरोग्याधिकारी म्हणाले, “सोमवारपासून तलाव सुरू राहणार नाही.” शेवटच्या शब्दाला ते खोकले. संगणकाला खोकला समजला नाही, त्यानं शेपटी छाटली. सासूबाईंनी वाचलं, सोमवारपासून तलाव सुरू राहणार. त्यांनी तलावाच्या जुन्या मैत्रिणींना कळवलं, आणि सोमवारी पहाटे ही फौज पोहण्याचे कपडे घालून, वरून नुसते टॉवेल लपेटून तलावाच्या फाटकाशी हजर झाली. फाटकाला कुलूप. वारा असा बोचरा की दात वाजावेत. पहारेकरी म्हणाला, “सभेत सांगितलं होतं की हो.” मैत्रिणींनी सासूबाईंकडे पाहिलं. एकजण नुसतंच म्हणाली, “तू ऐकलं होतंस ना नीट?”

हे घरी कुणाला कळलं नाही. सासूबाई आल्या, गरम चहा घेतला आणि खोलीत जाऊन बसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी द्राक्षांची बातमी सांगितली नाही.

पुढच्या दिवशी आजोबांनी संगणकावरून मान वर केली. “लघुबाई, बोहनी झाली. पहिली तक्रार आली.”

“वाचा.”

आजोबा वाचू लागले. “‘महोदय, मी ऐकू न येणारी नागरिक आहे. आपल्या सभेच्या व्हिडिओखाली जी अक्षरे येतात ती आपल्या सभेची नसून दुसऱ्याच कुठल्या तरी सभेची असावीत. आपली वेबसाइट सर्वांना सर्व प्रकारे सुलभ आहे, असे आपण लिहिले आहे. मला एक प्रकार दाखवावा. तलाव बंद असताना तो सुरू असल्याचे वाचून मी माझ्या मैत्रिणींना टॉवेलात कुलपासमोर उभे केले. थंडी होती. कृपया मुदतीत उत्तर द्यावे. तोंडी उत्तर चालणार नाही, कारण वर दिले आहे.’”

“बाई फटकळ दिसते,” लघुबाई हसत म्हणाली. “कोण आहे?”

आजोबांनी खालचं नाव वाचलं, मग पत्ता वाचला, आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले.

लघुबाईचं हसू जिथल्या तिथे विरलं. नाव सासूबाईंचं होतं. पत्ता तिच्या स्वतःच्या घराचा होता.

ही बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत तिन्ही मजले फिरली. सासूनं सुनेविरुद्ध तक्रार केली, आणि तीही रीतसर! जन्म-मृत्यू विभागातली माणसं मुद्दाम वर येऊन तिला बघून गेली. लघुबाई रागानं धुमसत घरी आली. पण राग एका जागी पुन्हा पुन्हा अडखळत होता. ‘मी ऐकू न येणारी नागरिक आहे.’ हे वाक्य सासूबाईंनी घरात कधी उच्चारलं नव्हतं. परक्या माणसाला लिहावं तसं ते त्यांनी ऑफिसला लिहिलं होतं.

तरी तिनं तोंड उघडलंच. समोर जाऊन, ओठ दिसतील अशी उभी राहून म्हणाली, “आई, घरात सांगायचं ना! ऑफिसभर हसं झालं माझं.”

“घरात सांगत होते की रोज. द्राक्षं सांगितली, आज्या सांगितल्या. तुम्ही हसलात.”

“तुम्हीही हसत होतात!”

“मग काय करणार? सगळे हसले की मी हसते. सवय लागलीय.” सासूबाईंनी टॉवेलाची घडी घातली. “हे बघ, घरी सांगितलं तर तुम्ही हसता. ऑफिसात कळवलं तर उत्तर द्यावं लागतं. तुमच्याच वेबसाइटवर लिहिलंय.”

नवरा मध्ये म्हणाला, “बरोबर आहे.” कुणाचं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

सचिवसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. ते खुर्ची क्वचितच देत. “घरातलं प्रकरण आहे, घरातच मिटवा. सासूबाईंना म्हणावं, मागे घ्या. पहिलीच तक्रार, वर कळली तर काय दिसेल?” लघुबाईला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. रविवारी दुपारी ती सासूबाईंच्या खोलीत गेली ती हेच बोलायला.

सासूबाईंनी तिला बोलू दिलं नाही. मुलाच्या हत्यारांच्या पिशवीतून त्यांनी आवाज अडवायला कानांवर लावायचे जाड डबे काढले. मोटारीच्या खोलीत काम करताना तो ते लावत असे. ते त्यांनी सुनेच्या कानांवर चढवले, टॅबलेट समोर ठेवला आणि मागच्या सभेचा व्हिडिओ लावला.

ही सभा लघुबाईनं स्वतः रेकॉर्ड केली होती. ती तिथे हजर होती. तिला वाटलं, अक्षरं चुकली तरी आपल्याला आठवेल. पण थोड्याच वेळात तिचा पाय कुठे टेकेना. कोण बोलतंय हेच कळत नव्हतं. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जात होतं. ओठ वाचावेत तर एक सदस्य तोंडावर हात ठेवून बोलत होता, आणि दुसऱ्याची कॅमेऱ्याकडे पाठ होती. खाली ओळ आली, ‘मांजर समितीचा अहवाल उद्या पाण्यात येईल.’ मांजर समिती? ती आठवू लागली, तोवर पुढच्या तीन ओळी निघून गेल्या. पडद्यावर सगळी सभा खदखदून हसली. लघुबाईही हसली. आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं की आपण का हसलो ते आपल्याला माहीत नाही. बाकीचे हसले म्हणून हसलो. किंचित उशिरा.

तिनं कानांवरचे डबे काढले. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, मुद्दाम.

“आई,” ती म्हणाली, आणि मग आठवून त्यांच्या समोर गेली. “आई, उत्तर येईल. लेखी.”

सोमवारी आजोबांना बरोबर घेऊन तिनं सचिवांना सांगितलं, “तक्रार मागे घेतली जाणार नाही साहेब.”

“सासूबाई ऐकत नाहीत का?”

“ऐकूच येत नाही त्यांना. तक्रार तीच आहे.”

आजोबांना इतका ठसका लागला की गोळी बाहेर आली. सचिव काही काळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, “तुमचं म्हणणं काय?”

तिचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. एक, ते शोभिवंत वाक्य काढायचं आणि खरं लिहायचं: सभांच्या व्हिडिओखालची अक्षरं चुकीची आहेत, दुरुस्ती सुरू आहे. दोन, दुरुस्ती ती करणार. सचिवांनी कडू औषध गिळावं तशी सही केली. मात्र हे निवेदन सरकारकडे गेल्यावर वरून जे उत्तर आलं त्यानं ते चकित झाले. तिथे कुणी रागावलं नव्हतं. उलट, स्वतःचे दोष स्वतः लिहिणारी नगरपालिका अजून फारशी पाहिली नव्हती, असं त्यात म्हटलं होतं. सचिवांनी ते पत्र पुढचे कित्येक दिवस खिशात बाळगलं.

लघुबाई पुन्हा सभागृहात जाऊन बसू लागली, कागद आणि पेन्सिल घेऊन. हात काही विसरला नव्हता. खुणांमध्ये सगळं उतरवायचं, मग खोलीत येऊन ते टाइप करायचं, आणि आजोबांनी दाखवलं तसं प्रत्येक ओळ बोलणाऱ्याच्या तोंडाशी जुळवायची. पहिला व्हिडिओ तयार झाला तेव्हा तिला वाटलं, झकास जमलंय. सासूबाईंनी तो तलावाच्या काठावर उभं राहून बघावं तसा पाहिला.

“ओळी फार लांब. वाचेपर्यंत पळून जातात. दोनच ठेव.”

“बरं.”

“कोण बोलतंय ते लिही. मी काय अंतर्ज्ञानी आहे?”

“बरं.”

“आणि इथे सगळे एकदम दाराकडे का बघतात?”

“दार आपटलं ना आई, वाऱ्यानं.”

“मग ते नको लिहायला? मला वाटलं, कोण आलं!”

त्या दिवसापासून आवाजही लिहिले जाऊ लागले. कंसात ‘दार आपटतं’, ‘टाळ्या’, ‘बाहेर कर्णा वाजतो’. लघुबाईला यात भलतीच गोडी लागली. आयुष्यभर तिनं फक्त शब्द टिपले होते, आता खुर्चीची करकरही टिपायची होती. तिचा उत्साह एकदा मात्र महागात पडायची वेळ आली. बांधकाम समितीच्या सभापतींच्या नावापुढे कंसात आलं, ‘घोरण्याचा आवाज’.

सभापती तणतणत वेबसाइटच्या खोलीत आले. “हे काय लिहिलंय?”

“आवाज आहे साहेब,” लघुबाई शांतपणे म्हणाली.

“हा आवाज माझाच कशावरून?”

आजोबांनी व्हिडिओ लावला आणि आवाज वाढवला. सभापतींनी तो पुरता ऐकला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, ते स्वतःच फसकन हसले. “बायको म्हणायची, मी विश्वास ठेवला नाही. इतका मोठा?”

“इतका मोठा,” आजोबा म्हणाले.

नाव काढून ‘सभागृहात घोरण्याचा आवाज’ एवढ्यावर तडजोड झाली. पण त्यानंतर सभेत डुलकी घ्यायची कुणाची छाती झाली नाही. चहाचा खर्च वाढला, कामं लवकर उरकू लागली.

दुसरी तक्रार मात्र लघुबाईच्या वर्मी लागली. ती करायला माणूस स्वतःच आला. पियानोच्या तारा लावून देणारा, उंच, बोटं लांबसडक, हातात पांढरी काठी. त्याला दिसत नव्हतं. त्याचा मोबाइल पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवायचा. खुर्चीवर बसून त्यानं नगरपालिकेच्या वेबसाइटवरचे सभांचे वृत्तांत उघडले आणि फोन टेबलावर ठेवला.

“चित्र,” फोन म्हणाला. “चित्र. चित्र. चित्र.”

“गेल्या वर्षीचे सगळे वृत्तांत असेच आहेत,” तो अगदी सौजन्यानं म्हणाला. “मला चित्रं आवडतात, पण पाण्याची वेळ कळत नाही.”

लघुबाईला आपली सगळी वाकडी पानं आठवली. मान वाकडी करणाराच नव्हे, तर मान वाकडी करूनही काही हाती न लागणारा माणूस समोर बसला होता. तिनं सबबी सांगितल्या नाहीत. त्याला चहा दिला, शेजारी बसवलं, आणि सगळे वृत्तांत नव्यानं, खऱ्या अक्षरांत टाइप करायला घेतले. मथळा मथळ्यासारखा, तक्ता तक्त्यासारखा. फोटोंना ओळी लिहिताना तिनं ‘उद्घाटन सोहळा’ असं लिहिलं, तेव्हा त्यानं विचारलं, “कोण काय करतंय?” तिनं फोटो निरखून पाहिला. मग लिहिलं, ‘अध्यक्षबाई फीत कापत आहेत, कात्री चालत नाही, मागची माणसं हसू दाबत आहेत.’ तारावाला खूश झाला. “आता मी तिथे होतो,” तो म्हणाला.

तलावाचं काम इकडे लांबतच चाललं होतं. नागरिकांच्या प्रश्नांसाठी दर सभेच्या शेवटी वेळ असे. सासूबाईंना प्रश्न विचारायचा होता, पण उत्तर घरी येऊन दुसऱ्या दिवशी वाचायचं, मग उलट प्रश्न कधी विचारायचा? हे लघुबाईनं आजोबांना सांगितलं. आजोबा दोन दिवस खुडबुड करत होते. मग त्यांनी सभागृहाच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला एक कीबोर्ड जोडला आणि त्यात अशी सोय केली की लघुबाईनं एखाददुसरं अक्षर टाइप केलं की पूर्ण शब्द उमटावा. तिच्या खुणांची लिपी ती जणू यंत्राला शिकवत होती. महिनाभर दोघं भांडत भांडत सराव करत राहिले.

सभेच्या दिवशी सासूबाई जुन्या बाकावर येऊन बसल्या, मैत्रिणींच्या फौजेसह. नवराही कामावरून परस्पर आला आणि दाराशी उभा राहिला. कामकाज सुरू झालं आणि भिंतीवर ओळी उमटू लागल्या, बोलणाऱ्याच्या एक श्वास मागे. कचऱ्याच्या गाड्यांवर बोलताना एक सदस्य म्हणाला, “ती गाडी इतकी जुनी आहे की तिचाच कचरा झालाय, पण तो उचलायला दुसरी गाडी नाही.” सभागृहात हशा पिकला. लघुबाईनं कीबोर्डवरून नजर उचलली. सासूबाई डोकं मागे टाकून हसत होत्या. सगळ्यांच्या बरोबर, त्याच क्षणी. आजवर कधी न थांबलेला लघुबाईचा हात तेव्हा थांबला, आणि भिंतीवर एक वाक्य अर्धंच राहिलं. आजोबांनी कोपरानं ढोसलं तेव्हा ती भानावर आली.

शेवटी सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांना माइक लागला नाही.

“तलाव कधी सुरू होणार?”

अध्यक्षबाई गोड हसून म्हणाल्या, “लवकरच.”

‘लवकरच,’ भिंतीवर उमटलं.

सासूबाईंनी वाचलं. “लवकरच म्हणजे कधी?”

“काम प्रगतिपथावर आहे. प्रशासन सर्वतोपरी प्रयत्नशील आहे.”

ही ओळही भिंतीवर उमटली आणि तिथेच राहिली. बोलण्याच्या ओघात असली वाक्यं हवेत विरून जातात. पण हातभर मोठ्या अक्षरांत, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ते वाक्य असं उघडं पडलं की अध्यक्षबाईंनी स्वतःच ते वळून वाचलं आणि ओशाळल्या.

“हे मी वाचलं,” सासूबाई म्हणाल्या. “यात तारीख नाही.”

अध्यक्षबाई दिलखुलास हसल्या. अभियंत्याला उभं केलं, त्याची उलटतपासणी केली, आणि म्हणाल्या, “पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी. आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी लावू. चालेल?”

“चालेल,” सासूबाई म्हणाल्या. “सोमवारी तुम्हीही या. पोहता येतं का?”

“नाही.”

“शिकवीन.”

कंसात लघुबाईनं लिहिलं, ‘मोठा हशा, टाळ्या’. मैत्रिणींच्या फौजेत एकीनं सासूबाईंच्या पाठीवर अशी थाप मारली की त्या बाकावर बसल्याच.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. आजोबा निवृत्त झाले, पण कीबोर्ड बिघडला की येतात, आणि तो वरचेवर बिघडतो. तारावाल्यानं अध्यक्षबाईंच्या घरचा पियानो लावून दिला. मध्यंतरी शेजारच्या गावच्या नगरपालिकेतून फोन आला. तिथल्या बाईंना विचारायचं होतं की हे सगळं तुम्ही जमवलं कसं, सुरुवात कुठून करायची.

“आधी एक सासू लागते,” लघुबाई म्हणाली.

त्या बाई म्हणाल्या की सासू आहे, पण तिला सगळं ऐकू येतं. लघुबाई म्हणाली की हरकत नाही, आमची घेऊन येते.

आणि गेल्या बुधवारी ती खरोखरच सासूबाईंना घेऊन बसनं तिकडे गेली. सासूबाईंनी तिथल्या सभागृहात पहिल्या रांगेतली खुर्ची धरली, चष्मा पुसला, आणि “करा सुरू,” म्हणाल्या.